मंगळवारची नोंद

सिक्स्टेन टेबलाखाली गुडघ्यांवर बसून केबलचं टोक चिमट्यात धरत होता. त्या टोकाला काहीही झालेलं नव्हतं. मागच्याच आठवड्यात त्याने ते नवं बसवलं होतं. तरी त्याने ते कापलं आणि दुसरं बसवायला घेतलं. वर खुर्चीत गुनवोर बसली होती, आणि तिच्यासमोर हात रिकामे ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"गेलं बघ," ती म्हणाली. "नऊ वाजले आणि गेलं."

तो उठून उभा राहिला. पडद्यावर छोटं चक्र गोल फिरत होतं. थोड्या वेळाने ते थांबलं, पान उघडलं, आणि पुढचं पान मागितल्यावर पुन्हा फिरायला लागलं. गुनवोरने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. ती चिडली नव्हती. नेटवर्क बिघडलं की तिच्या चेहऱ्यावर उलट थोडी तरतरी येत असे, आणि ते सिक्स्टेनच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

ओस्विकेन गावातल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन मदत करणाऱ्यांचं हे ऑफिस. एकेचाळीस म्हातारी माणसं, त्यांच्यासाठी नऊ बायका, दोन पुरुष आणि चार गाड्या. कोणाला किती वाजता गोळ्या द्यायच्या, कोणाच्या पायात घट्ट मोजे चढवायचे, कोणाशेजारी नुसतं बसून कॉफी प्यायची, हे सगळं गुनवोर ठरवून कॉम्प्युटरमध्ये टाकायची. मग ते ज्याच्या त्याच्या फोनवर दिसायचं. फोनवर जे दिसलं नाही, ते कोणी करायचं नाही, कारण एकाच माणसाला दोघींनी दोनदा गोळ्या दिल्याचा प्रकार पूर्वी घडून गेला होता. अठरा वर्षं हे काम गुनवोरकडे होतं. कोणाच्या घराची किल्ली कोणत्या कुंडीखाली असते, कोणाचं कुत्रं चावतं आणि कोणाचं नुसतंच भुंकतं, हे तिला विचारावं. ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, आता या मशीनला बिचाऱ्याला गुनवोरकडे शिकवणी लावावी लागणार.

आणि सव्वीस नोव्हेंबरला, मंगळवारी, एवेर्ट नोर्लिनकडे कोणीच गेलं नाही.

एवेर्ट शहाऐंशी वर्षांचा. हृदयाच्या दुखण्यातून उठलेला. त्या दिवशी सकाळी पावणेअकराला दवाखान्यातून फोन आला की आज याला घरी सोडतोय, संध्याकाळी कोणीतरी जाऊन बघा. फोन गुनवोरने घेतला. तिथपर्यंत कोणाचंच दुमत नव्हतं, दवाखान्याकडेही तशी नोंद होती. पण संध्याकाळच्या यादीत एवेर्टचं नाव कोणाच्याच फोनवर आलं नाही. तो स्वयंपाकघरात चूल आणि टेबल यांच्यामध्ये पडला आणि सतरा तास तिथेच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला त्याच्या धुराड्यातून धूर दिसेना, म्हणून तो बघायला गेला. खुबा मोडला होता. म्हातारा वाचला, पण तेव्हापासून फारसं बोलत नव्हता. त्याच्या मुलीने ऑफिसला पत्र लिहिलं. रागाचं पत्र परवडलं असतं. तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. बाबांकडे त्या संध्याकाळी कोणी का आलं नाही, एवढंच मला सांगा.

गुनवोर म्हणत होती की मी नोंद केली होती, नेटवर्कने खाल्ली. तिच्यावर अविश्वास दाखवायचं कोणाला कारणही नव्हतं, कारण नेटवर्क खरोखरच बेभरवशाचं झालं होतं. जतन केलं म्हणून दाखवलेल्या नोंदी तासाभराने नाहीशा व्हायच्या. एका आजीचं आंघोळीचं लिहिलेलं दोनदा पुसलं गेलं होतं. एवेर्टचं प्रकरण झाल्यावर तर प्रत्येकीला जुनं जुनं आठवायला लागलं. उन्हाळ्यातही एकदा असंच अडकलं होतं, त्याच्या आधीही. बोलता बोलता नेटवर्क कित्येक महिन्यांपासून खराब आहे असं सगळ्यांचं मत झालं.

पर्निला या ऑफिसची प्रमुख. वयाने गुनवोरपेक्षा वीस वर्षांनी लहान, येऊन दोन वर्षं झालेली, आणि गुनवोरशिवाय आपलं पान हलत नाही हे जाणून असलेली. तिला शुक्रवारपर्यंत चौकशीचा कागद पाठवायचा होता. आज गुरुवार, बारा डिसेंबर. म्हणून तिने सिक्स्टेनला सांगितलं होतं की आज दिवसभर इथेच बस, आणि काय ते एकदाचं शोधून काढ.

तो याआधी दोनदा येऊन गेला होता. एकदा सकाळी आठला, एकदा दुपारी चारला. दोन्ही वेळा नेटवर्क शहाण्या मुलासारखं चाललं. डॉक्टर दारात आला की ताप उतरावा, तसं. तीन गावांत मिळून तो एकटाच हे काम करायचा. शाळेतले प्रिंटर, चर्चचा घंटेचा कॉम्प्युटर, लाकूड गिरणीतला वजनकाटा, सगळं त्याच्याच गळ्यात. पण इथे येताना त्याला दडपण येत होतं, आणि त्याचं कारण कामाचं नव्हतं. गुनवोर आणि तो शाळेत एका बाकावर बसलेले. तिने त्याला पहिल्याच भेटीत, अगदी साधेपणाने, सांगितलं होतं.

"मी तुला नोव्हेंबरातच फोन केला होता. तू म्हणालास, शिकार संपू दे, मग येतो."

सिक्स्टेनला तो फोन आठवत नव्हता. पण शिकारीच्या दिवसांत तो कोणाला काय कबूल करतो याचा त्याला स्वतःलाच भरवसा नव्हता, आणि गुनवोर सांगते म्हणजे झालं असणार. आपण तेव्हाच आलो असतो तर म्हातारा सतरा तास फरशीवर पडला नसता, हे त्याच्या मनाने घेतलं. तो झोपेतून उठला की पहिला विचार हाच यायचा. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

दहाच्या सुमारास मिर्सादा फेरी संपवून आत आली. ती बोस्नियातून येऊन तीस वर्षं इथे राहिलेली, आणि मनातलं मोठ्याने बोलण्याची सवय अजून न सुटलेली. बुटांवरचं बर्फ झटकत तिने विचारलं, सापडलं का. सिक्स्टेनने नकारार्थी मान हलवली.

"तुझं हे नेटवर्क वटवाघूळ आहे," ती म्हणाली. "उजेड पडला की झोपतं. अंधार झाला की बघ कसं फडफडतं."

तो हसला, पण ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. त्याने सगळ्यांना विचारून एका कागदावर वेळा मांडल्या. मिर्सादाचं खरं होतं. नऊच्या आधी तक्रार नाही. तीनच्या पुढे तक्रार नाही. मधल्या वेळात लॅपटॉप केबल सोडून वाय-फायवर जात होते, आणि वाय-फायचं यंत्र होतं पुढच्या खोलीत. हे ऑफिस पूर्वी बँक होती. मधली भिंत तिजोरीची, हातभर जाडीची. तिच्यातून जे काही झिरपेल त्यावर मागच्या खोल्या चालत होत्या. म्हणजे केबल नऊ ते तीन मरते आणि नंतर पुन्हा जिवंत होते. असं का होतं ते मात्र त्याला कळेना. वाय-फायच्या यंत्राने आत साठवलेली नोंद तपासायला गेला तर तीही पुसलेली, कारण नेटवर्क अडकलं की जी समोर असेल ती त्याची पिन काढून पुन्हा घालायची.

जेवणाच्या सुट्टीत गुनवोर जागची हलली नाही. तिने डबा उघडून समोर ठेवला आणि बटाटे काट्याने नुसतेच बाजूला सारत राहिली. सिक्स्टेन भिंतीलगत केबल चाचपत होता. लाकडी फळ्यांच्या आत ती कुठे जाते ते दिसत नव्हतं.

"सापडेल ना रे?" तिने विचारलं.

"सापडेल. असं घड्याळ लावून मरत नाही कुठलं यंत्र."

घड्याळ म्हटल्यावर ती थांबली. मग खाली बघूनच बोलली.

"आईला पहिल्यांदा झालं ना, तेव्हा तीही म्हणायची, घड्याळ चुकलंय. पहाटे तीनला उठून दूध काढायला गोठ्यात जायची. गाई विकून दहा वर्षं झालेली. आम्ही तिला घड्याळ दाखवायचो. ती म्हणायची, बघा, तेही बिघडलं." तिने काटा डब्यात ठेवला. "तेव्हा ती चौसष्टची होती. मला मार्चमध्ये चौसष्ट पूर्ण होतील."

त्या दोन आठवड्यांत ऑफिसातल्या सगळ्यांनी गुनवोरला सांगितलं होतं की तुझी चूक नाही. पण तिला चुकीची फारशी भीती नव्हती, चुका माणसाकडून होतात. आपल्या डोक्यावर यापुढे विसंबता येईल की नाही, एवढंच तिला कळून हवं होतं. आणि त्याचं उत्तर भिंतीतल्या एका वायरकडे होतं, असं ती धरून बसली होती. सिक्स्टेनला तिची फार दया आली. ते लपवायला तो पुन्हा खाली वाकला.

दुपारी तीनला इथे सगळी कामं थांबतात आणि कॉफी होते. उद्या लुसियाचा सण, म्हणून पर्निलाने केशर घातलेले पिवळे पाव आणले होते. मिर्सादा आणि आणखी दोघी पुढच्या खोलीत जमल्या होत्या. बाहेर अंधारून आलं होतं. सिक्स्टेन दोन खोल्यांमधल्या बोळात, हातात तपासणीचं यंत्र धरून उभा होता. त्या यंत्रावरचा लाल दिवा सकाळी नऊपासून तसाच जळत होता.

कुठेतरी टक् असा आवाज झाला. बोळाच्या खिडकीत नाताळासाठी मांडलेली सात दिव्यांची कमान लागली. तिच्या मागोमाग पुढच्या खोलीतल्या दोन्ही कमानी आणि कागदाची मोठी चांदणीही उजळली. आणि त्याच्या हातातला लाल दिवा हिरवा झाला.

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने खिडकीचा पडदा बाजूला सारला. कमानीच्या मागे, खिडकीखालच्या फळीला, एक एक्स्टेंशन बोर्ड चिकटवलेला होता. बोर्डाच्या आधी भिंतीत एक टायमर होता. त्या बोर्डात दिव्यांच्या पिना होत्या, आणि शेवटच्या भोकात एक काळी पिन होती. तिची वायर फळीच्या फटीत घुसली होती. त्याने फळी उचकटली. आत काडेपेट्यांच्या पुड्याएवढी एक पेटी होती, तिला दोन्ही बाजूंनी केबल जोडलेल्या, आणि तिचे दिवे लुकलुकत होते. गेल्या वर्षी खिडक्या बदलणाऱ्या सुतारांनी केबल तोडली असणार, आणि ती पुरेना म्हणून मध्ये ही विजेवर चालणारी जोडपेटी घालून, फळी ठोकून, कोणाला न सांगता निघून गेले असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो दिवसभर याच खिडकीसमोरून ये-जा करत होता.

त्याने पर्निलाला हाक मारली. ती आली, टायमरकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"हा मी लावला," ती म्हणाली. "दिवसा उजेडात दिवे कशाला जाळायचे, म्हणून. सकाळी नऊला बंद, तीनला चालू. ती काळी पिन मला वाटलं चांदणीची आहे."

म्हणजे दिव्यांबरोबर मागच्या सगळ्या खोल्याही ती दररोज सहा तास बंद करत होती. वीज वाचवायच्या नादात. या देशात हे कोणाच्याही हातून होऊ शकलं असतं. डिसेंबरात इथे एकही खिडकी बिनदिव्याची ठेवत नाहीत, आणि एकही दिवा गरजेपेक्षा जास्त जाळत नाहीत.

पुढची दहा मिनिटं त्या ऑफिसात आनंदाची गेली. मिर्सादाने पर्निलाला चांगलंच छेडलं. सगळं खापर आम्ही बिचाऱ्या सिक्स्टेनवर फोडत होतो, आणि आमची साहेबीण रोज नऊ वाजता स्वतःच्या हाताने आम्हाला बंद करत होती. पर्निलाने ते सोसलं. ती सरळ बाई होती. ती गुनवोरकडे गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली की चूक माझी होती, उद्या सकाळी मी एवेर्टच्या मुलीला स्वतः फोन करून सांगते. गुनवोरने चष्मा काढला आणि पुसत बसली. मग ती हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. तिने पाव उचलला आणि एका दमात अर्धा खाल्ला. ती किती उपाशी होती ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

सिक्स्टेनलाही हलकं वाटलं. त्याने काळी पिन बोर्डातून काढून सरळ भिंतीत घातली, तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि गुनवोरच्या टेबलाशी येऊन बसला. पर्निलाने त्याला एक कागद दिला होता, चौकशीला जोडायचा. बिघाड काय, कारण काय, दुरुस्ती काय. त्याने भराभर लिहिलं. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, बिघाड कोणत्या तारखेपासून. त्याने पुढच्या खोलीकडे तोंड करून विचारलं की हे दिवे कधी लावलेत.

"नेहमीसारखे," पर्निला तिकडून म्हणाली. "नाताळाआधीच्या पहिल्या आडवेंत रविवारच्या आदल्या शुक्रवारी. एकोणतीसला. टायमर त्याच दिवशी आणला."

त्याने एकोणतीस लिहिलं. नोव्हेंबर लिहिलं. आणि पेन उचलून तो तसाच बसून राहिला.

पुढच्या खोलीत कोणीतरी कॉफी ओतत होतं. त्याला वाटलं, दिव्यांच्या आधीही काही असेल. सुतारांचं काम तर दिसतंच आहे कसलं आहे, पेटीची पिन ढिली असेल, आधीही अधूनमधून जात असेल. उन्हाळ्यापासून असं लिहिलं तर कोण विचारणार आहे? सगळ्यांना आठवतंय की उन्हाळ्यापासून खराब होतं. त्याने पेटी फळीत परत ठेवताना पाहिलं होतं. पिन घट्ट होती. इतकी घट्ट, की काढताना त्याला जोर लावावा लागला होता.

गुनवोर त्याच्यासाठी बशीत पाव घेऊन आली. बशी ठेवायला तिने कागद सरकवला, आणि तिचं लक्ष गेलं.

बशी हातातच राहिली.

"शुक्रवार," ती म्हणाली.

"हो."

"एवेर्टचा मंगळवार होता. आधीचा."

सिक्स्टेनने मान वर केली नाही. त्याने तिला सांगितलं की ते सुतारांचं काम फार वाईट होतं, दिव्यांच्या आधीही जात असणार. मी तसं लिहू शकतो.

"जात होतं का?"

"सगळ्याजणी म्हणतात."

"मी तुला विचारतेय. जात होतं का?"

त्याने खिशातून फोन काढला. एकच गोष्ट होती जिने हे सगळं निस्तरलं असतं, आणि ती तिनेच त्याला सांगितली होती. तिने नोव्हेंबरात फोन केला होता. म्हणजे तेव्हाही नेटवर्क बिघडत होतं. आपण विसरलो, आपण दोषी आहोत, तर तसं असू दे. त्याने मनापासून ते मागितलं. तो आलेल्या फोनची यादी खाली सरकवत गेला. गुनवोर त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिचं नाव दोन डिसेंबरला होतं, सोमवारी, सकाळी साडेनऊला. त्याच्या खाली एकदम ऑगस्टमधलं होतं, बागेतली आंबट लाल फळं घेऊन जा म्हणून केलेलं. नोव्हेंबरात काहीच नव्हतं. त्याने यादी पुन्हा वर नेली आणि पुन्हा खाली आणली.

"पुरे," ती म्हणाली.

ती खुर्चीच्या कडेला बसली. बशी तिने मांडीवर धरली होती. तिचा चेहरा शांत होता, आणि त्यामुळेच सिक्स्टेनला तिच्याकडे बघवेना. शाळेत फळ्यापुढे उभी राहून ती सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणून दाखवायची, एकही न चुकता. मग तो खालच्या आवाजात बोलला.

"आज राहू दे. आत्ता सगळ्या बसल्यात. उद्या सकाळी लवकर ये आणि पर्निलाला तूच सांग. मी हा रकाना रिकामा ठेवतो, ती मुलीला फोन करायच्या आत तू सांग. तुझ्या तोंडून आलं तर बरं दिसेल. मग डॉक्टरकडे जा. थकव्याने होतं असं कधी कधी. खरंच होतं."

गुनवोरने मान डोलावली. हे शहाणपणाचं होतं. ती उठली, बशी घेऊन दारापर्यंत गेली. पुढच्या खोलीतून मिर्सादाने तिला विचारलं की उद्या दवाखान्यातून सुटणाऱ्या त्या आजीबाईंची वेळ टाकलीस का. गुनवोर दारातच थांबली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बघते, म्हणाली, आणि मागे वळून परत टेबलापाशी आली.

"उद्या नको," ती म्हणाली.

"का?"

"उद्या सकाळपर्यंत मला पुन्हा वाटायला लागेल की मी नोंद केली होती. रोज सकाळी वाटतं. दवाखान्यातल्या बाईचा फोन ठेवला, चष्मा कपाळावर चढवला, एवेर्टचं पान उघडलं, सात वाजताची वेळ टाकली. मिर्सादाचं नाव टाकलं. सगळं दिसतं मला, सिक्स्टेन." तिने रिकाम्या पडद्याकडे बोट केलं. "आत्तासुद्धा दिसतंय."

त्याने पेन कागदावर ठेवलं.

"आत्ता मला कळतंय. उद्या मी तुझ्याशी भांडेन. दिवे मंगळवारीच लागले होते म्हणून शपथ घेईन, आणि तुम्ही सगळे माझंच खरं मानाल. म्हणून आत्ताच बोलाव तिला."

सिक्स्टेनने तारीख पुन्हा एकदा वाचली आणि कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. मग तो दारापर्यंत गेला आणि पर्निलाला म्हणाला की दोन मिनिटं आत ये, कॉफी घेऊनच ये. तो परतला तेव्हा गुनवोर तिसरी खुर्ची ओढून घेत होती. तिच्यावर फायलींचा ढीग होता. तिने तो उचलून जमिनीवर ठेवला आणि खुर्ची आपल्या समोर, जवळ, मांडली.